लंकाबाई कठड्याशी का येत नव्हत्या

आधीच सांगून टाकतो, पुढं माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको. या गोष्टीत वाईट माणूस एकच आहे आणि तो मी. कुंदन रावजी त्रिभुवन, वय एकसष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं काढली, शेवटची वीस क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. आता घरी असतो, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचकमिटीत असतो, आणि बाकीचा सगळा वेळ मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो. ग्रुपचं नाव 'प्रार्थना परिवार'. ॲडमिन मीच.

तर सलग तीन महिने लंकाबाई पगारे प्रभूभोजनाला उठल्या नाहीत आणि त्याला कारण मी होतो.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असतं. बाकाबाकानं माणसं उठतात, पुढच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकतात, पाळकसाहेब भाकर आणि प्याला देत जातात. मनात कुणाशी वैर असेल, किंवा केलेल्या पापाचा पश्चात्ताप होत नसेल, तर उठायचं नाही, असा नियम. पण नियम पाळतो कोण? बसून राहिलं की अख्ख्या देवळाला दिसतं. म्हणून जमिनीवरून कोर्टात भांडणारे सख्खे भाऊसुद्धा आमच्याकडे शेजारी शेजारी गुडघे टेकतात आणि बाहेर आले की एकमेकांकडे बघत नाहीत. लंकाबाई मात्र बसून राहिल्या. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडच्या टोकाला, एकट्या.

या बाईची ओळख करून द्यायला हवी. मूळच्या नांदगावकडच्या. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनच्या बाईंनी लिडिया असं नाव ठेवलं होतं म्हणे, पण ते रजिस्टरातच राहिलं. लंकाचं लग्न होऊन ती नाशकात आली, बत्तिसाव्या वर्षी नवरा वारला आणि ती एका दवाखान्यात आया म्हणून लागली. तिथं अठ्ठावीस वर्षं भांडी उचलली, चादरी बदलल्या, माणसं उलथीपालथी केली. तिथल्या डॉक्टरांना आपल्या पेशंटची नावं आठवायची नाहीत, हिला पेशंटच्या मुलांचीही पाठ. ज्याच्याजवळ कुणी नसेल त्याच्या उशाशी स्टूल ओढून बसायची. ड्युटी संपली असेल तरी बसायची. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, हे तिनंच मला एकदा हसत सांगितलं होतं.

देवळात तिला गीतांचा नंबर तेवढा कळायला हवा. "किती म्हणालं?" असं शेजारणीला विचारायचं, की पेटीवाल्याचा सूर लागायच्या आत हिचं पहिलं कडवं सुरू. आवाज असा की मागच्या बाकावरचे डुलक्या घेणारे दचकून उठायचे. मी त्यावरही कोटी केली होती. "लंकामावशी गायला लागल्या की लंका पेटते." सगळे हसले होते, तीसुद्धा हसली होती.

कोटी करणं ही माझी जुनी खोड. पाळकसाहेबांच्या डब्यात पालेभाजी दिसली की "पाळक पालक पाळतात," कमिटी बसली की "पंच जमले, पंचाईत झाली," दशांशाची, म्हणजे मिळकतीतला दहावा हिस्सा देण्याची, आठवण करून दिली की "देऊन देऊन आमची दशा झाली." ग्रुपवर मी काही टाकलं की पाच मिनिटांत हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे हजर. निवृत्त माणसाला याची चटक लागते हो. सकाळी उठून आधी फोन बघायचो, मग दात घासायचो.

आणि दुसरी खोड वादाची. वाद मला जिंकावाच लागतो. कारखान्यात आमच्याकडे माप तपासायचं गेज असायचं. जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, त्याच्या एका टोकातून गेला पाहिजे, दुसऱ्या टोकातून जाता कामा नये. तसं झालं तर पास, नाहीतर रिजेक्ट. मध्ये काही नाही. वीस वर्षं ते गेज हातात धरून माझं डोकंही तसंच झालं होतं. पाप की पुण्य, हो की नाही, बोला.

जुलैत निकितानं ग्रुपवर एक प्रश्न टाकला. निकिता म्हणजे आमच्या संडे स्कूलची टीचर, नर्सिंग करते, बावीस-तेवीस वर्षांची. शास्त्रात त्या सुइणी आहेत ना, राजाशी खोटं बोलून ज्यांनी बाळं वाचवली, त्यांची गोष्ट तिनं मुलांना सांगितली होती. त्यावर एका चिमुरडीनं विचारलं, मग त्या खोटं बोलल्या त्याचं पाप कुणाला लागलं? निकितानं तेच ग्रुपवर विचारलं: दयेपोटी बोललेलं खोटं पाप आहे का?

झालं. तीन दिवस दुसरं काही चाललं नाही. मी अर्थातच 'खोटं ते खोटं' या बाजूला. वचनांवर वचनं टाकली. गेजचा दाखला दिला. त्यावर पोरीनं लिहिलं, "काका, माणूस म्हणजे जॉब नाही. आमच्या वॉर्डात रोज कुणीतरी विचारतं, मी बरा होईन ना? तुम्ही गेज लावून उत्तर द्याल का?" तिला धडाधड अंगठे मिळाले. पाळकसाहेबांनीसुद्धा अंगठा दिला. माझं टाळकं सरकलं. काल परवा बाप्तिस्मा झालेली पोरगी मला शिकवणार!

आता विनंत्यांचं सांगतो. मंडळीतल्या लोकांच्या प्रार्थनेच्या विनंत्या माझ्याकडे खासगीत यायच्या आणि मी शुक्रवारी यादी करून ग्रुपवर टाकायचो. कुणाचं ऑपरेशन, कुणाची सोयरीक, कुणाच्या पोराची नोकरी. ज्यांना नाव नको असेल त्यांचं 'एक बहीण', 'एक बंधू' असं लिहायचं. पंधरा दिवसांपूर्वीच लंकाबाईंची विनंती आली होती. त्यांना टाइप करता येत नाही, बोलून पाठवतात. ती मी यादीत घातली नव्हती, कारण ती कशात घालावी तेच मला कळलं नव्हतं.

"कुंदनभाऊ, सलाम. माझ्यासाठी प्रार्थना करा, नाव नका घालू. दवाखान्यात असताना म्या एका मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं. पोराची लय वाट पाहत होता तो. म्या म्हनले, फोन आलता, निघालाय, येतोय. फोन बिन काय आला नव्हता. मग तो शांत झाला न् गेला. आता माझं वय झालं, प्रभूपुढं उभं राहायचंय. ते आत टोचतंय भाऊ. तुमी वाचलेले हाये, मला सांगा यावर काय करायचं."

हे माझ्या फोनमध्ये होतं. विश्वासानं दिलेलं. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, निकिताच्या अंगठ्यांनी डोकं भणभणलेलं असताना, मी काय लिहिलं ते जसंच्या तसं सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

"दयाळू खोट्याचा ताजा नमुना, आपल्याच एका भगिनीकडून. मरणाऱ्याला आया म्हणाली, बेटा आया. बेटा काही आया नाही, म्हातारा मात्र वर गया!"

नाव घातलं नाही, म्हणून मला वाटलं मी सभ्य. पण मंडळीत आया एकच. दोन मिनिटांत कुणीतरी लिहिलं, "लंकाबाई का?" आणि पिवळे चेहरे सुरू झाले. एक्केचाळीस आले. मी मोजले, खोटं कशाला बोलू. उज्वलाला, म्हणजे माझ्या बायकोला, स्वयंपाकघरात जाऊन फोन दाखवला. तिनं वाचलं, हसली नाही. "त्या बाईनं तुमचं काय घोडं मारलंय?" एवढं म्हणून तिनं कणीक मळायला घेतली. मी म्हटलं, तुला विनोद कळत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी लंकाबाई बसून राहिल्या. गीतही म्हटलं नाही. उपासनेनंतर कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "मला त्या खोट्याचा पश्चात्ताप होत नाय. परत वेळ आली तर परत तेच बोलन. मग कशी घेऊ भाकर?" सप्टेंबरात तेच. ऑक्टोबरात पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "कुंदनराव, दात पडलेली म्हातारी माझ्या भाकरीवाचून बसलीय. तुमच्या त्या मेसेजमुळं बसलीय. जा आणि मिटवा." मी तणतणत गेलो. मनात म्हणत होतो, गंमत केली ती केली, त्याचं एवढं काय अवडंबर. क्षमा मागायला निघालोय असं मला अजिबात वाटत नव्हतं. त्यांना दोन गोष्टी समजावून सांगायला निघालो होतो.

शरणपूर रोडच्या मागं त्यांची एक खोली आहे. दाराशी बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून उठल्या, पदर सारखा केला, "सलाम भाऊ, या" म्हणाल्या आणि गॅसवर चहा ठेवला. मी म्हटलं, "मावशी, ती गंमत होती हो. मनावर घेऊ नका."

"गमतीचं काय नाय भाऊ. तुमी नाय का, लंका पेटली म्हनले व्हते, म्या हसलेच की."

"मग उठत का नाही?"

"ते येगळं."

मला धीर आला. म्हटलं आता आपण आपल्या मैदानात आलो. मी शास्त्र काढलं. वेदीवर दान आणलंस आणि आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. मी म्हटलं, "मावशी, सरळ उपाय आहे. त्या माणसाचा मुलगा असेल ना जिवंत? नाशकातच असेल. त्याला गाठा. सांगा, बाबा रे, मी तुझ्या बापाला असं असं खोटं सांगितलं. त्यानं माफ केलं की तुम्ही मोकळ्या. सोपं आहे."

लंकाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. रागानं नाही. वॉर्डात माणसाला वाईट बातमी सांगायच्या आधी असंच बघत असतील.

"म्हनून तर तुमालाच पाठवलं व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या.

चहा उतू गेला. त्यांनी उठून गॅस बंद केला, फडकं घेतलं, ओटा पुसला. मी बसलो होतो तसाच.

तुम्हाला आता माझी साक्ष सांगावी लागेल; साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगणं. सोळा वर्षांपूर्वी माझे वडील, रावजी त्रिभुवन, त्याच दवाखान्यात वारले. रविवार होता. उज्वला त्यांच्याजवळ होती, ती पेज आणायला घरी गेली तेवढ्यात ते गेले. परत आली तेव्हा लंकाबाई म्हणाल्या, शांतपणे गेले, कुंदन निघालाय म्हणाले आणि डोळे मिटले. उज्वलानं हे मला सांगितलं. आणि मी त्याची साक्ष केली. दर वर्षी बाबांच्या स्मरणाच्या रविवारी देवळात पुढं उभा राहून मी सांगायचो: मी येतोय हे बाबांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. नेमक्या त्या घटकेला मी जागेवरून उठलो होतो आणि पवित्र आत्म्यानं ते माझ्या बापाला कळवलं. लोक "आमेन" म्हणायचे. बायका डोळे पुसायच्या. तिसऱ्या बाकावर लंकाबाई ऐकत असायच्या. सोळा वर्षं.

आणि मी कुठं होतो त्या घटकेला? देवळाच्या मागच्या खोलीत, कमिटीच्या बैठकीत. कापणीच्या सणाला शेजारच्या एका हिंदू बाईनं नवस फेडायचा म्हणून आमच्याकडे कोंबडी पाठवली होती. लोक कापणीच्या सणाला धान्य, भाजी, कोंबड्या अर्पण करतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो, तिलाही वाटलं आपण द्यावं. आता नवसाची कोंबडी प्रभूच्या वेदीपुढं चालेल का, यावर आमचा वाद. मी म्हणत होतो चालणार नाही. फोन खिशात थरथरला, बघितला, उज्वलाचा होता, बंद केला. अडीच वाजले असतील. मी उठलो बिठलो नव्हतो. वाद साडेतीनला संपला. मी जिंकलो. कोंबडी परत पाठवली.

'नेमक्या त्या घटकेला मी उठलो होतो' हे वाक्य साक्षीत कधी शिरलं, मला आठवत नाही. पहिल्या वर्षी नव्हतं. दुसऱ्या वर्षी असावं. त्यानं साक्ष छान बसायची. आणि हाच माणूस तीन दिवस ग्रुपवर पोरीला खोट्याचं गेज शिकवत होता.

"तुमच्या बापाला खोटं बोलले त्याचं मला काय नाय वाटत," लंकाबाई सांगत होत्या. "लय तळमळत व्हते ते. दाराकडं बघायचे. कुणी आलं की मान उचलायचे. मला बघवंना. पन तुमी साक्ष दिली न् ते माझं खोटं देवाच्या नावावर चढलं, ते टोचलं. देवानं नाय केलं ते, म्या केलं. पन तुमाला सांगावं कसं? तुमी सांगताना तुमचा चेहरा असा व्हायचा... म्हनलं राहू दे, तेवढंच बापाचं त्याच्याजवळ हाये. मग आता वाटलं, आपन गेलो की हे तसंच राहील. तोंडावर बोलायचं धाडस झालं नाय, म्हनून फोनात बोलले. म्हनलं भाऊ हुशार हाये, वळखल."

भाऊ हुशार निघाला नाही. भावानं त्याची कोटी केली. 'म्हातारा मात्र वर गया.' माझा बाप, दाराकडे बघत पडलेला, आणि त्यावर एक्केचाळीस जण हसले, आणि मी ते मोजले.

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी हात धरले. "आपल्यात नाय पाया पडत," म्हणाल्या. चहा दिला. मी प्यालो, कारण नाही म्हणायची माझी लायकी नव्हती.

घरी येऊन उज्वलाला सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. "तीनदा केला होता मी फोन त्या दिवशी," ती म्हणाली. "तीनदा. तुम्ही साक्षीत उठलो होतो म्हणायचात, तेव्हा मी खाली फरशीकडे बघत बसायचे." मी म्हटलं, कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुमच्याशी वाद कोण घालणार?"

शनिवारी संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. चारदा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं. ज्या मुलाबद्दल लंकाबाईंनी निघालाय म्हटलं तो मी, बाप मरत असताना मी फोन बंद करून कोंबडीवर वाद घालत होतो, सोळा वर्षं दिलेली साक्ष खोटी होती, आणि त्या बाईनं विश्वासानं सांगितलेलं मी चव्हाट्यावर मांडलं. शेवटी लिहिलं की त्यांच्या त्या खोट्याबद्दल या मुलाची काही तक्रार नाही, आणि विनंत्या आता माझ्याकडे पाठवू नका. निळ्या खुणा होत गेल्या. दीडशेच्या वर लोकांनी वाचलं. कुणी काही बोललं नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळी फक्त निकिताचा खासगीत मेसेज आला: "सलाम, काका." तेवढाच.

रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, मी पंचांच्या पहिल्या बाकावर गेलो नाही. मागं, चपलांजवळच्या बाकावर बसलो. कुणी बघत होतं, कुणी बघत नसल्यासारखं करत होतं. उज्वला माझ्या शेजारी. गीताचा नंबर सांगितला आणि पेटी वाजायच्या आत तिसऱ्या बाकावरून पहिलं कडवं सुरू झालं. देवळातल्या माना वळल्या.

प्रभूभोजन सुरू झालं. पहिला बाक, दुसरा बाक. तिसरा बाक उठला आणि लंकाबाई उठल्या. कठड्याला धरून हळूहळू गुडघ्यावर बसल्या. मी मान खाली घातली. मी ठरवून आलो होतो, आज आपण उठायचं नाही. कोणत्या तोंडानं उठू? आमच्या बाकाची पाळी आली, माणसं उठली, उज्वला उठली, थोडं थांबली, गेली. मी फरशीकडे बघत बसलो.

कठड्याशी गडबड ऐकू आली म्हणून वर पाहिलं. सगळी रांग घेऊन परतली होती, फक्त लंकाबाई तिसऱ्या बाकाच्या पाळीपासून अजून तिथंच होत्या. त्यांनी भाकर घेतलीच नव्हती. शेजारची एक जागा हातानं अडवून बसल्या होत्या. पाळकसाहेब ताट घेऊन वाकून काहीतरी विचारत होते.

त्या वॉर्डात बोलायच्या तशा मोठ्यानं बोलल्या, अख्ख्या देवळाला ऐकू गेलं.

"थांबा साहेब. येतोय तो. निघालाय."

मी निघालो नव्हतो. जागचा हललोसुद्धा नव्हतो. सोळा वर्षांनी तीच बाई, तेच खोटं, माझ्यासाठी, देवाच्या तोंडावर.

मी उठलो. मधल्या वाटेनं चालत कठड्याशी गेलो आणि त्यांनी धरून ठेवलेल्या जागेवर गुडघे टेकले.